श्रवणमल्ल

कुस्ती खेळणारे वेगळे, बघणारे वेगळे आणि ऐकणारे वेगळे. ही तिसरी जमात मूळची अमेरिकेतली. तिकडच्या पैलवानांनी खुबे-गुडघे बदलून घेतले, बूट माळ्यावर टाकले आणि पुढ्यात माइक ओढला, तेव्हापासून ती वाढीला लागली. कोल्ट कबाना 2010 पासूनच सहकाऱ्यांना बोलतं करत होता. 2013 साली स्टीव्ह ऑस्टिनने पॉडकास्ट काढला, वर्ष संपता संपता ख्रिस जेरिकोने काढला आणि मग रांगच लागली. नव्वदच्या दशकात रिंगणात उतरलेला आणि अजून स्वतःचा पॉडकास्ट नसलेला माणूस आज कुठे सापडलाच, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी पॉडकास्टवर पाहुणा म्हणून निघालेला असतो.

या जमातीचा एक अस्सल नमुना आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत बी विंगला राहतो. त्याला आपण श्रवणमल्ल म्हणू. वय चाळिशीच्या पुढे, नोकरी ऐरोलीला, छाती आणि पोट यांतली सीमारेषा वादग्रस्त. शाळेत याने मधल्या सुट्टीत पैलवानांची ट्रम्प कार्डं कुटली. बायकोचा रक्तगट विचारला तर फोनमध्ये शोधतो, पण योकोझुनाचं वजन झोपेतून उठवून विचारा. त्या काळी टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूएफची कुस्ती लागली की वडील पेपरमागून म्हणायचे, ‘अरे नुरा कुस्ती आहे ही, सगळं ठरवून मारतात.’ आणि हा रडकुंडीला यायचा. 1996 साली ‘खिलाडियों का खिलाडी’त अक्षयकुमारने अंडरटेकरला लोळवलं, त्या रात्री म्हणे तो जेवला नव्हता. पडद्यावरचा तो माणूस अंडरटेकर नव्हताच, ब्रायन ली नावाचा बदली कामगार होता, हे पुढे कळलं तेव्हा ती न जेवलेली रात्र अगदीच फुकट गेल्यासारखी झाली.

आता गंमत बघा. सगळं ठरवून असतं हे कळल्यावर शहाणा माणूस चॅनल बदलतो. श्रवणमल्लाची खरी सुरुवात तिथून होते. ठरवून असतं ना? मग कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कोण हो म्हणाला, कोण रुसला, पैसे कुणाला किती मिळाले, हे कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि हे त्याला सांगणार कोण? तर खोटं खरं करून दाखवायचा ज्यांनी उभी हयात पगार घेतला, तेच! कोर्टात यांची साक्ष कुणी धरणार नाही. पण कानात इअरफोन गेला की श्रवणमल्लासाठी ती शपथेवरची जबानी असते.

त्याची बाजू घेऊन एवढं म्हणायला हवं, की हे लोक पूर्वी गुपित जिवापाड जपायचे. 1987 साली न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली. आत हॅकसॉ जिम डगन आणि आयर्न शेख, आणि सोबत अमली पदार्थ. डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीवर आभाळ कोसळलं ते नशेच्या मालामुळे जेवढं, त्याहून जास्त दोघे एका गाडीत बसल्यामुळे. एक देशभक्त अमेरिकन, दुसरा अमेरिकेचा इराणी वैरी. रात्री एकमेकांचे जीव घेणारे हे दोघे दिवसा पेट्रोलचा खर्च वाटून घेतात, हे छापून आलं. दोनच वर्षांनी त्याच न्यू जर्सीत कंपनीने सरकारदरबारी स्वतःहून सांगितलं, की आमची कुस्ती म्हणजे मनोरंजन आहे, खेळाचे नियम आणि कर आम्हाला लावू नका. नुरा कुस्तीची ही रीतसर कबुली, तीही कर वाचवण्यासाठी. श्रवणमल्लाच्या वडिलांना हे कळलं असतं तर त्यांनी पेपर खाली ठेवला असता.

सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये दाराशी उभा राहून एकटाच हसणारा इसम दिसला, तर तो आमचाच. बोलणाऱ्यांबद्दल त्याची मतं ठाम आहेत आणि न विचारता मिळतात. जेरिको चांगला, पण पाहुण्याची गोष्ट रंगात आली की याला स्वतःची आठवण येते. शिवाय कुस्ती ऐकायला बसावं, तर कधी भुतं निघतात, कधी बिगफूट. ऑस्टिनच्या एका भागात शिव्या असायच्या, दुसरा घरच्यांसोबत ऐकण्यासारखा असायचा. श्रवणमल्ल दोन्ही ऐकायचा. एरिक बिशॉफच्या पॉडकास्टचं नाव ‘83 वीक्स’, कारण त्याच्या डब्ल्यूसीडब्ल्यू कंपनीने ओळीने 83 आठवडे डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक विन्स मॅकमहन याच्या ‘रॉ’ला प्रेक्षकसंख्येत हरवलं होतं. ‘ती कंपनी 2001मध्ये विकली गेली, त्या आठवड्याचा पॉडकास्ट काढ म्हणावं,’ इति श्रवणमल्ल. असं म्हणतो, पण एकही भाग चुकवत नाही.

सगळ्यात लाडका ब्रूस प्रिचर्ड. हा पूर्वी ब्रदर लव्ह नावाचा लालबुंद तोंडाचा प्रवचनकार व्हायचा, पडद्यामागे विन्स मॅकमहनचा उजवा हात. विन्सची नक्कल अशी करतो की पोट धरून हसावं. समोर प्रश्न विचारायला कॉनराड थॉम्पसन. हा पैलवान नाही, अलाबामातला गृहकर्जवाला. लहानपणापासून कुस्तीचा भक्त. पुढे एकेका म्हाताऱ्या पैलवानासमोर बसून त्याने पॉडकास्टांचा कारखानाच उघडला, सोयरीकही पैलवान रिक फ्लेअरच्या घरात केली. भक्ताला देव प्रसन्न झाल्याचं एवढं रोकडं उदाहरण दुसरं नसेल. एका जुन्या कार्यक्रमाची चिरफाड हे दोघे अशी करतात, की मूळ कार्यक्रम आधी संपावा. मध्येच गाडी गृहकर्जाच्या जाहिरातीवर येते. कुणाच्या अकाली मरणाची गोष्ट चाललेली असते, गळा दाटून येतो, आणि पुढच्या वाक्याला गाद्या नाहीतर मर्दानी ताकदीच्या गोळ्या. श्रवणमल्ल जाहिरातीही पुढे ढकलत नाही. परिणाम असा, की ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता किती तारखेला जातो ते तो बायकोला विचारतो, पण क्रेडिट कार्डाची थकबाकी अलाबामात घराच्या कर्जात कशी वळती करून घ्यायची, हे तोंडपाठ.

2019मध्ये प्रिचर्ड पुन्हा कंपनीत नोकरीला लागला. तेव्हापासून श्रवणमल्ल त्याच्याबद्दल बोलताना सुस्कारा सोडतो. ‘आता जपून बोलतो रे. पगार चालू झाला ना.’

श्रवणमल्लाचा अमेरिकेत एडिसनला राहणारा मावसभाऊ मात्र कट्टर कॉर्नेटवाला. जिम कॉर्नेट हा मॅनेजर. टेनिसची रॅकेट घेऊन रिंगणाशी यायचा. आता केंटकीत घरी बसून आजकालच्या कुस्तीला शिव्या घालतो, आणि शिव्यांत व्याकरण इतकं चोख, की ऐकत राहावं. हा मावसभाऊ 2018मध्ये शिकागोजवळ स्टारकास्टला जाऊन आला. तिथे लोक तिकीट काढून पॉडकास्ट चाललेला बघतात. म्हणजे ऐकायचा कार्यक्रम, तो बघायला विमानाने जायचं. दोघा भावांत एकदा असं वाजलं, की चार महिने बोलणं बंद. मावशी कासावीस. श्रवणमल्लाला फोन करून म्हणाली, ‘कोकणातल्या जमिनीवरून का रे बिनसलं तुमचं?’

‘नाही गं मावशी, विन्स रूसोवरून.’

‘तो कोण? आपल्यातला आहे का?’

घरात त्याची बायको या आवाजांना आता सरावली आहे. भांडी घासताना पॉडकास्ट ऐकायची सवलत त्याने स्वतःच मागून घेतली, आणि सवलत भांड्यांसकट कायम झाली. परवा मी त्यांच्याकडे मिक्सरचं भांडं परत करायला गेलो, तर स्वयंपाकघरात कुणीतरी तारस्वरात ओरडत होतं. ती मेथी निवडत होती.

‘हा कोण रे किंचाळतोय?’

‘कॉर्नेट.’ याने कढईवरची काथ्याची घासणी थांबवली. ‘विरोधात काय बोलतोय ते माहीत नको?’

‘पैलवान आहे?’

‘मॅनेजर. रॅकेट घेऊन यायचा.’

‘खेळायला?’

‘लोकांच्या डोक्यात घालायला.’

‘बरं. कढईच्या कडेला राहिलंय बघ.’

वेळ कमी आणि ऐकायचं डोंगराएवढं, म्हणून तो सगळं दीडपट वेगाने ऐकतो. याचेही प्रश्न आहेतच. कॉर्नेटला दीडपट केलं तर नुसती शिट्टी ऐकू येते, त्याला मूळ वेगातच ऐकावं लागतं. समालोचक जिम रॉस दीडपट केल्यावर इतरांच्या बरोबरीला येतो. पण एकदा अंडरटेकरला दीडपटीने ऐकलं आणि श्रवणमल्लाचा जीव खरंच कळवळला. हा माणूस 1990पासून तीस वर्षं काळ्या टोपीखाली गप्प राहिला. आमच्या पिढीत तो सात वेळा मरून परत आला होता. हे कुठे सिद्ध झालं होतं ते विचारू नका, पण दादरपासून दापोलीपर्यंत पोराटोरांना ते माहीत होतं. आता तोच मार्क कॅलवे हे कागदोपत्री नाव लावून, हसतखेळत, कुठल्या शहरात काय खाल्लं आणि कंबर कशी धरली ते सांगतो. भक्तांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, बोलला ते बरं झालं. दुसरा म्हणतो, मेलेल्याने मेलेलं राहावं. श्रवणमल्ल दुसऱ्या तटाचा, पण ऐकतो पहिल्याहून जास्त.

पण त्याची खरी विद्वत्ता बघायची असेल तर ‘मॉन्ट्रियल’ एवढा एकच शब्द उच्चारा आणि खुर्ची ओढून बसा. 9 नोव्हेंबर 1997. ब्रेट हार्ट चॅम्पियन, पण निघालेला दुसऱ्या कंपनीत. मायदेशात, कॅनडात, शॉन मायकल्सकडून हरायला तयार नाही. शेवट वेगळा ठरला होता. ऐन कुस्तीत मायकल्सने ब्रेटचाच डाव ब्रेटवर टाकला, ब्रेटने हार मानली नव्हती, आणि रिंगणाशी उभ्या विन्स मॅकमहनने घंटा वाजवायला लावली. ब्रेट त्याच्या तोंडावर थुंकला, आणि आत जाऊन त्याने मालकाला जो ठोसा हाणला, तो कुणी लिहून दिलेला नव्हता. घटना एवढीच. त्यावर गेली पंचवीसेक वर्षं ज्याला तोंड आहे तो बोलतो आहे. भांडारकर संस्थेने महाभारताचे पाठभेद जुळवले, तसे हा मॉन्ट्रियलचे जुळवतो. रेफरी अर्ल हेबनरला कधी कळलं? प्रिचर्ड काय म्हणतो, रॉस काय म्हणतो, आणि कोण आठ वर्षांपूर्वी वेगळं म्हणाला होता? यातला सगळ्यात रसाळ भाग असा, की ब्रेटला फसवायची ही कल्पना आपलीच, असं कॉर्नेटही सांगतो आणि त्याचा सात जन्मांचा वैरी, कंपनीचा लेखक विन्स रूसोही सांगतो. वाल्या कोळ्याच्या पापात वाटा घ्यायला घरचं कुणी तयार झालं नाही. इथे पाप एक आणि वाटेकरी हातघाईवर.

‘आणि समजा तोही ठरवूनच केलेला डाव असेल तर?’ मी एकदा विचारलं. त्याचे डोळे असे चमकले, की मला मध्यरात्रीपर्यंत उठता आलं नाही.

त्याच्या मते पॉडकास्टांच्या इतिहासात खरी कुस्ती एकच झाली. नोव्हेंबर 2014मध्ये सीएम पंक आपल्या मित्राच्या, कोल्ट कबानाच्या पॉडकास्टवर बसला आणि कंपनीने आपल्या दुखण्यांकडे कसं दुर्लक्ष केलं, बडतर्फीचे कागद लग्नाच्या दिवशीच कसे हातात पडले, ते सगळं ओकला. काही दिवसांत विन्स मॅकमहन ऑस्टिनच्या पॉडकास्टवर येऊन, तो योगायोग होता म्हणत, पंकची माफी मागून गेला. कंपनीच्या डॉक्टरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. 2018मध्ये शिकागोच्या ज्युरीने निकाल पंक आणि कबाना यांच्या बाजूने दिला. आणि जिंकल्यावर? वकिलाच्या बिलावरून हे दोघे मित्रच एकमेकांवर कोर्टात गेले. ‘याला म्हणतात शूट!’ श्रवणमल्ल मांडीवर थाप मारून सांगतो. शूट म्हणजे खरं, वर्क म्हणजे ठरवलेलं, हील म्हणजे खलनायक. ऑफिसातलं अप्रेझल हा त्याच्या मते वर्क. निकाल आधीच बुक झालेला, आपण फक्त जाऊन पडायचं. पुतण्याच्या लग्नात व्याह्यांनी मानपानावरून आवाज चढवला, तर हा माझ्या कानात पुटपुटला, ‘जुना हील आहे. संध्याकाळपर्यंत गळ्यात पडेल.’ पडले. राज्याच्या राजकारणावर तो बोलतो तेव्हा तर सोसायटीचे निवृत्त प्राध्यापकही बाक सरकवून जवळ येतात. कोण काल व्हिलन होता आणि आज कुणाचा टॅग टीम पार्टनर आहे, याचा उलगडा त्याच्याइतका सोपा करून कुणी सांगत नाही.

एवढं असून गेल्या कित्येक वर्षांत त्याने एक अख्खी कुस्ती बघितलेली नाही. मुलाने तो योग आणला. पोरगं चौथीत, हल्ली नेटफ्लिक्सवर डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे बापाचं जुनं डब्ल्यूडब्ल्यूएफ, बघतं. रविवारी मी तिथेच होतो. पडद्यावर कुणीतरी कुणाला टेबलावर आपटलं, टेबल दुभंगलं, आणि पोराने मान वळवून विचारलं, ‘बाबा, यांना खरंच लागतं का रे?’

श्रवणमल्लाने रिमोट हातात घेऊन चित्र थांबवलं. पाय वर घेऊन मांडी घातली. घसा खाकरला. पिट्सबर्ग, 1998, अंडरटेकरने मिक फोलीला पिंजऱ्याच्या टपावरून खाली फेकलं तिथून सुरुवात झाली. फोली स्वतः त्याबद्दल काय सांगतो, मग रॉस काय सांगतो, मग अंडरटेकर आता काय सांगतो, आणि तिघांत कुठे जुळत नाही. चहा आला, कप गेले. न्यू जर्सीची ती गाडी आली. पडद्यावरचा माणूस अजून मोडक्या टेबलावर आडवा होता. पोराने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बापाकडे.

‘बाबा,’ ते म्हणालं, ‘तू जरा दीडपटवर बोल ना.’