पुढचा भाग कधी?

"अक्का, ऐकलं का? कोपऱ्यावरच्या घरातली धाकटी सून कादंबरी लिहितीय."

"कादंबरी? अगं बाई! मी तर ऐकलं, रात्री बारा-बारापस्तोर कुनासंगं तरी मोबाईलवर बोलायलीय म्हनून."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? नळावर चार बाया जमल्या की कळतंच."

आमच्या धाराशिवात नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी बाया पाणीही भरून ठेवतात आणि बातम्याही. पुढची पाळी येईपर्यंत पुरवायच्या असतात. ही बातमी गल्लीला चांगली पुरली. खरं काय ते मला कळलं तिच्या सासूकडून; तोवर मीही नळावरच्याच बातमीवर विसंबून होते. सासू आली होती ती कागाळी करायला नव्हे, मोबाईलवरची अक्षरं मोठी कशी करायची ते विचारायला.

"म्हंजे सासूपन वाचायलीय?"

"पहिल्या भागापासून. सुनेला पत्ता नाही."

अक्कांनी तुरीच्या शेंगा सोलायच्या थांबवल्या आणि सूप भिंतीवर ठेवलं. आता गप्पा रंगणार, हे मी ओळखलं. माझी धुणी वाळत घालायची राहिली ती राहिलीच.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. प्रतिलिपी म्हणून ॲप आहे. २०१४ साली बंगळुरात निघालं, आता बारा भाषांत चालतं, त्यात आपली मराठी. लिहिणाऱ्यानं लिहायचं आणि टाकायचं. संपादक नाही, 'साभार परत' नाही. गोष्ट भागाभागानं येते. भाग संपला की वाचणाऱ्यानं एक ते पाच तारे द्यायचे आणि खाली दोन ओळींचा अभिप्राय लिहायचा.

"पैसे देतेत का?" अक्कांचा पहिला प्रश्न नेहमी हाच.

"वाचणारे कॉईन विकत घेतात, त्याचे स्टिकर लेखिकेला पाठवतात. काही जण पुढचा भाग आधी वाचायला मिळावा म्हणून पैसे भरतात. त्यातला वाटा लिहिणाऱ्याला. हिचं आतापर्यंत मोबाईलचं रिचार्ज निघालंय म्हणे."

"मंग एवढ्यासाठी जागायचं व्हय?"

तेच तर. जागते ती पैशासाठी नाही. मी तिला लिहिताना पाहिलंय. मोबाईल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला, एका हातानं भाजी हलवणं चालू, दुसऱ्या हाताचा अंगठा अक्षरांवर. अंगठ्याला पीठ लागलं की काच पुसायची आणि पुन्हा सुरू. कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक भांडण लिहून होतं, असं तीच मला म्हणाली. पण रात्री सगळे झोपल्यावर भाग टाकला, की पाचव्या मिनिटाला कोणीतरी विचारतं, "पुढचा भाग कधी?" नागपूरची एक नर्स आहे, रात्रपाळीत वाचते. एक बडोद्याची. एक भालकीची, तिकडं कर्नाटकात राहून घरात मराठी बोलणाऱ्यांपैकी. कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही.

"गोष्ट तरी कशाची हाय?"

आता इथं मला जरा स्पष्ट बोलायचंय. तिथल्या बऱ्याच गोष्टींत नायक कंपनीचा मालक असतो, रागीट, उंच, काळ्या गाडीतून उतरणारा. नायिका गरीब आणि तिचं लग्न जबरदस्तीनं लागलेलं. पन्नासाव्या भागापर्यंत तो तिच्यावर ओरडतो, मग प्रेमात पडतो. सोयाबीनला भाव नाही म्हणून झोप उडालेला नायक मला अजून भेटला नाही. आपली सूनही सुरुवातीला तेच लिहीत होती. तिला त्या काळ्या गाडीतून खाली उतरवलं ते वाचणाऱ्यांनीच.

"ते कसं काय?"

"हुरड्यामुळं."

सून मूळची पिंपरी-चिंचवडची. अकराव्या भागात तिची नायिका आषाढात तेरला येते आणि शेतात बसून हुरडा खाते.

"आषाढात हुरडा!" अक्का इतक्या जोरात हसल्या की पलीकडच्या गच्चीवरचं माणूस डोकावलं. तेर म्हणजे अक्कांचं माहेर, त्यामुळं त्यांना ते जास्तच लागलं.

भाग वाचून कळंबच्या एका बाईनं तिला लिहिलं: बाई, आषाढात आमच्याकडं पेरणीची गडबड असते, हुरडा पौषात. एवढ्यावर थांबली नाही. गोवऱ्यांची आगटी कशी पेटवतात, आरात कणसं कशी खुपसतात, गरम कणीस हातावर चोळताना पोळतं कुठं, वर शेंगदाण्याची चटणी की गूळ, सगळं लिहून पाठवलं. छापील पुस्तकात चूक झाली की दुसऱ्या आवृत्तीची वाट बघावी लागते. हिनं त्याच रात्री भाग बदलला. आता नायिकेला हुरड्यासाठी पौषापर्यंत गावात थांबावं लागलं. तेवढ्या अवधीत तिचं प्रेम जमलं, सासरच्या शेताचा पीकविमाही कथेत आला आणि कंपनीचा मालक आपोआप मागं पडला.

त्या कळंबवाल्या बाईनं तिला आणखी एक काम लावलं. आपल्या तालुक्यातल्या हासेगावचे भास्कर चंदनशिव वाचा, म्हणाली. निदान 'लाल चिखल' तरी. टोमॅटोला भाव मिळेना म्हणून बाप भर बाजारात टोमॅटो तुडवतो, ती कथा. शाळेच्या पुस्तकात होती. सून ती शोधत माझ्याकडं आली, कारण माझी सगळी नोकरी वाचनालयात गेली. तेव्हा मला कळलं की ही पोरगी टोपणनावानं लिहिते. तोवर मीही नळावरच्याच बातमीवर विसंबून होते.

"पन टोपणनाव कामून? सरळ आपल्या नावानं लिहावं की."

"अक्का, तुम्ही-आम्ही नळावर काय बोललो ते आठवा, म्हणजे कळेल."

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघालं तेव्हा 'विभावरी शिरूरकर' कोण यावर सगळ्या महाराष्ट्रानं असंच नळावरचं गॉसिप केलं होतं. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं उघड लिहिलं म्हणून केवढा गहजब झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढं मालतीबाई बेडेकर. त्या काळी टोपणनावाच्या आडोशाला प्रकाशक ह. वि. मोटे उभे राहिले. आपल्या सुनेला प्रकाशक नाही; आडोसा आहे तो त्या नर्सचा, बडोद्याच्या नि भालकीच्या बायांचा.

आणि पुढच्या भागाची वाट बघणंही काही नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं, त्यातच 'पण लक्षात कोण घेतो' तुकड्यातुकड्यानं छापून आली. हरिभाऊंचं लिखाण वाचून त्यांच्याशी चर्चा करणाऱ्या काशीबाई कानिटकर पुढं स्वतः नावाजलेल्या लेखिका झाल्या. वाचणारी आणि लिहिणारी असा दोघींत फार मोठा फरक नसतोच. ती बडोद्याची बाई आता स्वतःची गोष्ट लिहायला लागलीय आणि आपली सून तिला विचारतेय, पुढचा भाग कधी?

उन्हाळ्यात सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, सोलापूरला. हिचं लिहिणं बंद पडलं. पहिले काही दिवस लोकांनी नेहमीसारखं विचारलं. एकीनं रागानं लिहिलं, अशी गोष्ट अर्धवट सोडायची होती तर सुरू कशाला केली. त्यावर नर्सनं तिला चार शब्द सुनावले आणि हिला तेवढंच लिहिलं की पेशंटजवळ बसल्यावर स्वतःचं जेवण चुकवू नका. हिनं परत लिहायला घेतलं तर काहीच आठवेना. नायिकेच्या मामीचं नाव काय ठेवलं होतं, दीर कुठल्या गावाला होता, कोण कोणावर रुसलंय. तेव्हा भालकीच्या बाईनं वहीवर लिहून त्याचे फोटो पाठवले. सगळी पात्रं, त्यांची नाती, कोणत्या भागात कोण काय बोललं. वर एक टीप: मामीचं नाव तुम्ही सातव्या भागात एक आणि चौदाव्यात दुसरं ठेवलंय, कोणतं खरं?

"बाई गं," अक्का म्हणाल्या, "आपल्या पोराबाळांचं एवढं कोन ध्यानात ठेवतंय?"

सगळंच असं गोड आहे, असं मात्र नाही. लिहिणाऱ्या बायकांचे आपापसात गट असतात. मी तुला पाच तारे, तू मला पाच तारे. न वाचताच 'अप्रतिम'. मला हे अजिबात पटत नाही. त्यानं आकडा वाढतो, लिखाण तिथंच राहतं. सूनही एका गटात होती, दोन आठवड्यांत बाहेर पडली; दुसऱ्यांना 'अप्रतिम' लिहिण्यात तिचा स्वतःचा भाग राहून जायचा.

यावर अक्कांनी सांगितलं ते तेरचं, म्हणजे गोरोबाकाकांचं. संत मंडळी जमलेली. मुक्ताबाईनं थापटणं बघून विचारलं, हे काय? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग आमची डोकी बघा की, म्हणाली ती. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. नामदेवांना राग आला, आणि काकांनी निकाल दिला: हे मडकं कच्चं. नामदेव रुसून पंढरपूरला गेले खरे, पण तिथून औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले आणि शिकले.

२०२० च्या जानेवारीत आपल्या गावात ९३वं साहित्य संमेलन भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, तेव्हा त्या नगरीला गोरोबाकाकांचंच नाव दिलं होतं. लेखक वर व्यासपीठावर, आम्ही खाली मांडवात. एका लेखकाची सही घेतली, बोलायला मात्र काही सुचलं नाही. घरी आल्यावर दहा प्रश्न आठवले.

"मंग मीबी लिहू का तिला काही?" अक्कांनी सूप परत हातात घेतलं. "तेरच्या बाया चुलीफुडं बसून जे बोलतेत ते हिच्या गोष्टीत आलं पायजे म्हनून."

"तेच लिहा. नुसतं 'छान' लिहिलंत तर माझ्याशी गाठ आहे. आणि नातवाकडून ॲप उतरवून घ्या. चाळिसावा भाग गुरुवारी रात्री येतोय. तोवर सासूबाई वाचतात हे तिला कळू देऊ नका. या भागात गोष्टीतली सासू मरणार होती, आणि तिच्या सासूबाईंनी दुसऱ्याच नावानं तिला लिहून कळवलंय, की सासूला इतक्यात मारू नकोस."