नाशिकच्या वाट्याला येन नाही

आपल्या पश्चात आपले वाङ्मय कोणीतरी साक्षेपाने संपादित करील, त्याला विस्तृत प्रस्तावना जोडील आणि तीत आपल्या शैलीच्या प्रसादगुणाचा सादर उल्लेख करील, अशी एक निरुपद्रवी समजूत मी फार वर्षांपासून बाळगून आहे. आणि त्या भावी संपादकाची गैरसोय होऊ नये म्हणून माझे यच्चयावत लेख मी संगणकावर साध्या टेक्स्ट फाइलींत, तारीखवार, खतावणीच्या शिस्तीने लावून ठेवले आहेत. वर्ड मला मानवत नाही. ते माझ्या शब्दांखाली तांबड्या नागमोडी रेघा ओढते, आणि हा अधिकार मी हयातीत कोणाही टीकाकाराला दिलेला नाही.

यंदा त्यांतील एका लेखाच्या पुनर्मुद्रणाची मागणी आली (मागणी करावी असे मीच सुचविले होते, परंतु तो तपशील गौण), तेव्हा दप्तर उघडले, तो पडद्यावर मराठीचा मागमूस नाही. डोक्यावर तिरकी रेघ दिलेला रोमन ‘ए’, त्याच्यामागे चार पाय फुटलेले एक वाटोळे, मग एखादे अगम्य चिन्ह. पुन्हा तोच ‘ए’, पुन्हा तेच वाटोळे. अशी पानेच्या पाने. क्षणभर मला वाटले, अखेर आपल्यालाही नवकाव्य साधले.

पुण्याहून आलेल्या भाचीने निदान केले. “मामा, फाइल धडधाकट आहे. मजकूर यूटीएफ-८ मधला आहे आणि तुमचा जुना एडिटर तो ॲन्सी समजून उघडतोय. डीफॉल्ट बदलायला हवा.”

ही यूटीएफ-८ पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतील एका खानावळीत, ताटाखाली अंथरावयाच्या कागदावर आखली. तीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट पुरतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. मराठी माणसाला तिप्पट जागा विनासायास मिळाल्याचा हा बहुधा एकमेव दाखला असावा. ते तीन बाइट एकत्र वाचावयाचे असतात; ॲन्सीच्या वळणाचा एडिटर मात्र त्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर मानून तिघांचीही वेगवेगळी नोंद करतो. पहिल्याचा होतो तो रेघवाला ‘ए’. भाची पुढे सेटिंग्जविषयी बरेच काही सांगत होती, पण माझे चित्त दुसऱ्या बाइटवर जडले ते जडलेच.

कारण ते चार पायांचे वाटोळे म्हणजे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आहे. कोणत्याही एका देशाचे नव्हे, नुसत्या पैशाचे. स्वर, व्यंजने, अनुस्वार, काना आणि ऱ्हस्व इकार यांच्या नशिबी ते येते. आणि दीर्घ ईकारापासून पुढचे उकार, मात्रा व पाय मोडण्याचे चिन्ह यांना त्याच्या जागी चक्क जपानी येन लाभतो. हे उमगताच मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसलो. मुंबईच्या नावात एक येन निघाला, उकारापोटी. पुण्यात दोन, भाचीने यात आश्चर्य करण्यासारखे काही नाही अशी मान हलविली. त्र्यंबकेश्वरात तब्बल चार! आणि नाशिकात? न, काना, श, ऱ्हस्व इकार, क. एकही नाही. कुंभमेळ्यात शैवांनी कुशावर्तावर आणि वैष्णवांनी रामकुंडावर स्नान करावे अशी वाटणी करून वडीलधाऱ्यांनी मोठ्या शहाणपणाने जो तंटा मिटविला, त्याचा निकाल संगणकाने परस्पर त्र्यंबकच्या पदरात टाकावा, हे मला झोंबले. मग सावकाश प्रकाश पडला. जिथे १९२५ पासून सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासून नोटांचा छापखाना चालू आहे, त्या गावाच्या नावातील पाचही चिन्हांवर निखळ चलनाचीच मुद्रा आहे! सगुण येन पुण्याने खुशाल घ्यावा. निर्गुण पैशाची उपासना नाशिकनेच करावी.

खुद्द रुपयाचे चिन्ह युनिकोडात आले ते २०१० साली, सहाव्या आवृत्तीत, आणि त्याच आवृत्तीत ब्राह्मी लिपीलाही दाखला मिळाला. आमच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या दात्याने ब्राह्मीत कोरून ठेवले आहे, की भिक्षूंच्या निर्वाहासाठी दोन हजार कार्षापण कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने ठेविले आहेत. एवढा चोख दस्तऐवज दगडात शाबूत होता, पण वाचण्याचा संकेतच हरवला होता. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला तेव्हा कोठे अशा भिंती बोलू लागल्या. माझ्या फाइलींचेही तेच झाले, आणि इथे मला खरोखर चीड येते. साधे इंग्रजी लिहिणाऱ्याला असल्या विघ्नाची वार्ताही नसते. त्याची अक्षरे दोन्ही संकेतांत तीच राहतात. भुर्दंड सोसावा लागतो तो आम्हाला. विंडोजच्या नोटपॅडने यूटीएफ-८ हा मूळ संकेत मानला तो २०१९ साली. तोवर तेथे ॲन्सीचा अंमल होता, आणि इशारा न वाचता कोणी मराठी मजकूर त्यात जतन केलाच, तर चिन्हागणिक एक प्रश्नचिन्ह तेवढे हाती येई.

त्याच दप्तरात तीर्थरूपांच्या आठवणींची फाइल निघाली. प्रेसमध्ये हयात घालवून निवृत्त झाल्यावर एका डीटीपीवाल्याशेजारी बसून त्यांनी ती सांगितली होती, आणि ती युनिकोडपूर्व फाँटांतली, म्हणजे रोमन अक्षरांवर मराठीचा नुसता मुखवटा चढविलेली. फाँट गेला आणि खाली अर्थहीन रोमन खिचडी उरली. भाचीने ती कन्व्हर्टरमधून काढली. जुन्या फाँटात ऱ्हस्व इकार दिसतो तसा अक्षराच्या आधी ठोकीत, युनिकोडात तो अक्षरानंतर नोंदवितात. या फेरफारात कित्येक इकार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसले होते. माझी वसतिगृहातून गेलेली पत्रे ऱ्हस्वदीर्घाच्या दुरुस्त्या करून उलट टपाली परत पाठविणाऱ्या माणसाच्या मजकुरात ते मला पाहवेना. रात्री उशिरापर्यंत एकेक इकार उचलून मी त्याच्या जागी ठेवीत होतो. त्यांच्याजवळ इतका वेळ, ते रागावल्याशिवाय, मी पूर्वी कधी बसलो नव्हतो.

मग, माझा स्वभाव मला ठाऊक असल्याने अधिक वेळ न दवडता, ‘फाइंड’मध्ये स्वतःचे नाव घातले. ते एकदाच आढळले. “धाकटा लेखक होणार म्हणतो. त्याच्या नावे पोस्टात काही रक्कम वेगळी ठेवणे इष्ट.”

सकाळी भाचीने नोटपॅड प्लस प्लसच्या प्रेफरन्सेसमध्ये, ‘न्यू डॉक्युमेंट’खाली, यूटीएफ-८ कायमचे निवडून दिले. आजोबांची फाइलही त्यातच जतन करते म्हणाली. मी तिला, शक्य तितक्या तटस्थपणे, विचारले की भावी संपादकाच्या सोयीसाठी तेवढे एक वाक्य ॲन्सीत जतन करता येईल काय.

“नाही मामा,” ती म्हणाली, “एन्कोडिंग अख्ख्या फाइलीला लागतं.”