कंठभूषण

शिरूर-जुन्नरकडील काही शेतकऱ्यांनी खुरपणीस वा वैरणीस निघताना गळ्याभोवती अणकुचीदार खिळ्यांचा पट्टा बांधण्यास आरंभ केला आहे, हे वाचून ज्यांना हसू आले त्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की, बिबट्या सावजाचा गळाच धरतो हे प्राणिशास्त्र त्या शेतकऱ्यांना कोणत्याही ग्रंथावाचून अवगत झालेले आहे. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा पूर्वापार घालीत आला. कारण कुत्रा राखण करी आणि धनी झोपे. आता ते कंठभूषण बढती पावून धन्याच्या कंठी आले आहे. कुत्रा बहुधा बिबट्याच्या पोटात आहे.

हा पट्टा पुष्कळांनी आपापल्या खर्चाने मिळविला, हीच त्याची मुख्य उणीव होय. सरकारदरबारी त्याची दखल घेतली जाऊन ‘अनुदानित कंठरक्षक योजना’ जाहीर झाली म्हणजे ती दूर होईल. मग अर्जासोबत सातबाऱ्याचा उतारा, शिधापत्रिकेची नक्कल आणि गळ्याच्या घेराबद्दल तलाठ्याचा दाखला जोडावा लागेल. एका सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील तर पट्टा एकच मिळेल आणि चौघांनी आपापले गळे पाळीपाळीने संकटात घालावे, असे परिपत्रक निघेल. शेतमजुराच्या नावे जमीन नसल्यामुळे त्याला गळाही नाही, असे गृहीत धरले जाईल. जी बाई दिवसभर उकिडवी बसून खुरपते, आणि तशी बसल्यामुळेच बिबट्याच्या नजरेला माणसापेक्षा लहान जनावर भासते, तिचे नाव तर उताऱ्यावर कधी चढलेलेच नसते. सबब तिचा अर्ज छाननीतच बाद होईल. निविदा सर्वांत कमी दराच्या ठेकेदारास जाईल आणि पहिल्या खेपेतील पट्ट्यांत खिळ्यांची टोके आतल्या बाजूस निघतील. त्याबद्दल चौकशी समिती नेमली जाईल, समितीस मुदतवाढ मिळेल, आणि टोके आत असल्यामुळे शेतकरी सतत जागरूक राहतो, असा अनुकूल अभिप्राय ती देईल. पुढे एखादा खरोखरच दगावला, तर प्रेतापाशी बसून लिहिलेल्या पंचनाम्यात ‘मयताने पट्टा नियमानुसार आवळलेला नव्हता’ एवढे एक वाक्य पुरेल, आणि भरपाईसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या वारसांकडून पट्ट्याची मूळ पावती मागविण्यात येईल.

इकडे हा बिबट्या म्हणजे कोणी सह्याद्रीच्या अरण्यातून वाट चुकून आलेला पाहुणा आहे, अशी समजूत शहरातील सुशिक्षितांनी अद्याप जतन करून ठेवली आहे. कुकडी आणि घोड नद्यांवर धरणे झाली, कालवे फिरले, ऊस आला. एकदा लावला की वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा, हातभर अंतरावरचे दिसू नये इतका दाट, पायथ्याशी पाणी आणि कडेला कुत्री, डुकरे, शेरडे असलेला. मादी तेथेच विते. त्या पिल्लांनी अरण्य पाहिलेलेच नाही; तोड सुरू झाली म्हणजे सरीत ती सापडतात, आणि त्याच शेताच्या बांधावर पालापाचोळ्याच्या कोपीत ऊसतोड्यांची स्वतःची पोरे निजलेली असतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली बिबट्याला पहिल्या अनुसूचीत बसविण्यात आले, ते योग्यच झाले. इंग्रजी अमदानीत त्याला मारण्याबद्दल बक्षिसे वाटली जात, त्या मानाने ही सुधारणा मोठीच आहे. कोपीतल्या पोराची अनुसूची मात्र कोणती, हे कोणी सांगत नाही. त्यावर उपाय म्हणून पिंजरा येतो, पिंजऱ्याशेजारी पुढारी उभे राहून छायाचित्र काढवितात, आणि जो बिबट्या नेला त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या, कोणाचीही परवानगी न घेता, काही दिवसांत बळकावतो.

पण माझा संताप बिबट्यावर नाही, पट्ट्यावरही नाही. गृहस्थहो, मध्यरात्री उसात जाण्याची हौस कोणा शहाण्या माणसाला असते काय? तो जातो, कारण पंपाला विजेची पाळी पुष्कळदा रात्रीची येते. कारण दिवसा ती इतरत्र लागते. आणि ‘दिवसा वीज द्या’ हा त्याचा अर्ज इतकी वर्षे निरनिराळ्या टेबलांवर असा पडून आहे की, त्याला आता दफ्तरातील पुराणवस्तूचा मान मिळावा. बिबट्या निशाचर आहे हे सृष्टीने ठरविले; शेतकऱ्याला निशाचर कोणी केले? दोघांची गाठ नेमक्या अंधारात, नेमक्या उसात घालून द्यावयाची, आणि मग ‘मानव-वन्यजीव सहजीवन’ या विषयावर वातानुकूलित सभागृहात परिसंवाद भरवावयाचे, यास निर्लज्जपणा म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? विजेचे हे पाळीपत्रक ज्या कचेरीतून निघते तेथे मी परवा संध्याकाळी चौकशीस गेलो होतो. दिवस मावळल्यावर येथे कोणी थांबत नाही, असे पहारेकऱ्याने सांगितले.