घड्याळवाले तात्या

वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघालं की हायवेलगत गडब लागतं. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही गावात उतरा, एक घड्याळवाले तात्या भेटतातच. गडबचे आमचे तात्या त्यांतले अव्वल. नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली आणि वडिलांच्या वेळचं जर्मन युंगहान्स माळ्यावरून खाली आलं. तेव्हापासून त्या घरात वेळ मोबाइलमध्ये बघतात, तीही तात्यांच्या पाठीमागे.

घड्याळ उघडायच्या आधी ओसरीवरून सगळ्यांना हाकललं जातं. "स्प्रिंगचा ताण आधी सोडायचा, नाहीतर बोटं जातील!" हे मात्र शंभर टक्के खरं. चावी घट्ट धरायची, खटका उचलायचा आणि एकेक दात करत स्प्रिंग सैल सोडायची. एवढा वेळ तात्या श्वास घेत नाहीत आणि काकूंनाही घेऊ देत नाहीत.

सुटी चाकं जातात इडलीपात्रात. वरच्या ताटलीत टोल्यांची बाजू, खालच्या ताटलीत वेळेची, एका खळग्यात एकच चाक. "अहो, नातवंडं इडली मागतायत," काकू आतून सांगतात. "चाकं वाळू देत," तात्या बाहेरून. त्या महिन्यात घरात घावनेच होतात.

खाडीच्या खाऱ्या हवेनं पितळ काळवंडलेलं असतं. रॉकेल हल्ली मिळत नाही, म्हणून धुवायला पेट्रोल. ते मुलाच्या मोटारसायकलमधून निघतं. मुलाला याचा पत्ता वडखळच्या नाक्यावर गाडी बंद पडल्यावर लागतो. मग दात कोरायच्या काडीनं आसांची भोकं साफ करायची आणि प्रत्येक भोकात घड्याळाच्या तेलाचा इवलासा थेंब. चाकांच्या दात्यांना तेल नाही, त्यावर धूळ बसते. शेजारचा कुणी भाबडेपणानं खोबरेल सुचवतो. थंडीत खोबरेल गोठतं, हे त्याला तात्यांकडून पाऊण तास ऐकावं लागतं.

जोडणी होते, लंबक हलतो आणि दुपारी चार वाजता घड्याळ सात टोले देतं.

यात घड्याळाचा काही दोष नसतो. टोल्यांची चकती वेगळी असते, तिच्या कडेला कमीजास्त अंतरावर खाचा. एक पट्टी खाचेत पडली की टोले थांबतात. काटे कुठे आहेत याची त्या चकतीला दखलच नसते. तिचा आपला हिशेब पक्का: बारा तासांत तासांचे ७८ आणि अर्ध्या तासांचे १२, एकूण ९०. पट्टी उचलून टोले पुढे सरकवले, की पुन्हा जुळतं. दोन मिनिटांचं काम. पण तात्या म्हणतात, "घाई नको. आधी निरीक्षण." तोवर नातवंडं सातातून तीन वजा करून शाळेची तयारी करतात.

घड्याळ मागे पडतं हे तर तात्यांना मान्यच नाही. १९०६ साली देशात प्रमाणवेळ आली तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ १९५५पर्यंत सोडली नव्हती. "हे मुंबई टाइम दाखवतंय!" चाळीस मिनिटं मागे पडलं, तर मात्र लंबकाखालची चकरी ते किंचित वर घेतात. एका मिनिटाची चूक त्यांना खपत नाही.

एकदा घड्याळ सलग आठवडाभर बिनचूक चाललं. तात्यांना चैन पडेना. जेवणावरची वासना गेली, दर तासाला उठून टोले मोजायचे आणि बरोबर निघाले की हिरमुसून बसायचे. शेवटी "आवाज जरा कोरडा वाटतो" म्हणत त्यांनी पुन्हा पेचकस उचलला, तेव्हा काकूंनी न सांगता इडलीपात्र आणून पुढ्यात ठेवलं. तात्यांना चालू घड्याळ नकोच असतं, उघडलेलं हवं असतं.

तेव्हा तुमच्या घरी लंबकाचं जुनं घड्याळ असेल, तर भिंतीवर ते सरळ टांगा, दोन्ही टकटकींमधलं अंतर सारखं येतं का ते ऐका, आठवड्यातून एकदा ठरल्या दिवशी चावी द्या. आणि गडबच्या बाजूला कुणाकडे जेवायला गेलात, तर त्याबद्दल अवाक्षर काढू नका.