बिनकुलपाचा बादशा

बडनेऱ्याच्या फलाटावर सकाळची गाडी यायच्या आत पोर्तुगालशी तह उरकून मोकळा होणारा जो माणूस, त्याला आमच्या गल्लीत इमादभाऊ म्हणतात. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव रेशनकार्डावर आहे आणि तिथंच राहिलं आहे. अचलपूरची इमादशाही 1490 मध्ये उभी राहिली आणि 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळली. त्याचं सुतक अमरावतीत अजून हा एकच माणूस पाळतो, म्हणून ते इमादभाऊ.

घर अमरावतीत, नोकरी अकोल्यात. त्यामुळे रोजचं अप-डाऊन. डब्यातली बाकीची मंडळी पत्ते कुटतात, भजन म्हणतात, नाहीतर सोयाबीनच्या भावावरून भांडतात. इमादभाऊ मांडीवर लॅपटॉप उघडून चारशे वर्षांचा कारभार काढतात. खेळाचं नाव ‘युरोपा युनिव्हर्सालिस 2’. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीनं तो 2001 मध्ये काढला. सुरुवात 1419 सालची, शेवट 1819 चा. यात धावणं नाही, गोळ्या झाडणं नाही. समोर जगाचा नकाशा, आणि आपण राजा नव्हे, आख्खं राज्य. राजे येतात, मरतात. वसुली, तह, सोयरिकी, बंडाळ्या मात्र आपल्याच डोक्यावर.

इमादभाऊ दर वेळी बहमनी राज्य घेतात आणि 1425 साल उजाडलं, की खेळ थांबवतात. त्या साली बहमनी सुलतान अहमदशहा वलीनं चिखलदऱ्याजवळ गाविलगड बांधला. खेळात त्याचा पत्ता नसतो, पण इमादभाऊ पॉजचं बटण दाबतात, चिखलदऱ्याच्या दिशेनं मान तुकवतात आणि शेजाऱ्याच्या हातावर गिला वडा ठेवतात.

“कायचा हो भाऊ?”

“गड बांधून झाला बाप्पा. खाय.”

एकदा मूर्तिजापूरला चढलेल्या एका बाईंनी, यांना मुलगा झाला असं समजून, त्यांच्या हातावर 11 रुपये ठेवले होते. भाऊंनी ते बहमनी खजिन्यात जमा धरले.

या खेळांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की भाऊ त्याला खाली बसवतात. पॅराडॉक्सच्याच ‘क्रुसेडर किंग्ज’मध्ये राजा मेला की पोरं आपसांत भिडतात. “हा खेळ स्वीडनवाल्याले सुचला कसा? हे तं आपल्या गावचं वाटणीपत्र आहे!” त्यांचाच ‘व्हिक्टोरिया’ 1836 पासून सुरू होतो आणि त्यात कापसाला मोल आहे. तो सुरू असताना भाऊ हटकून सांगतात, की 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. “तिकडं भाऊ-भाऊ भांडले म्हणून इकडं कास्तकार हसला. अन् इकडं भाऊ-भाऊ भांडले, तं कोन हसते? वकील.”

हे त्यांनी अनुभवानं सांगावं. गावाकडच्या वावरात चुलतभावानं दोन तासं धुरा रेटला. सगळे म्हणाले, मोजणी आणा. भाऊ म्हणाले, “घाई नोको. सबळ कारणाशिवाय लढाई केली, तं राज्याचं स्थैर्य घसरते. अन् दुसऱ्याचा मुलूख घेतला, की बदनामीचे आकडे चढतात. मंग आजूबाजूचे सारे एक होऊन आपल्यावर येतात.” त्यांनी चुलतभावाला चहा पाजून तह केला. खेळात तह 5 वर्षं टिकतो. भाऊंनी 5 वर्षं इमानानं पाळला. चुलतभावाला खेळ ठाऊक नसल्यामुळे तेवढ्यात तो आणखी चार तासं पुढं आला.

घरातही तीच राजनीती. स्थैर्याचं माप खेळात उणे 3 पासून अधिक 3 पर्यंत असतं. भाऊ दारातून आत येताना वहिनींचा चेहरा पाहून आकडा ठरवतात. उणे 2 असेल तर चप्पल न काढता भाजी आणायला परत फिरतात. अधिक 3 त्यांनी लग्नानंतर एकदाच पाहिला, तेही सासरवाडीला, अकोल्यात. आणि तो आपल्यामुळे नव्हता, हे ते मोकळेपणी कबूल करतात.

पण भाऊंचा खरा प्राण अडकलाय कुलपात.

आमच्या पिढीनं हे खेळ सीडीवर पाहिले. विकत घेतलेली सीडी दर वेळी यंत्रात घालावी लागे, नाहीतर खेळ आपल्याच मालकाला ओळख देत नसे. सीडीवर ओरखडा पडला की राज्य बुडालं. भाऊंची एक सीडी अकोल्याच्या मे महिन्यात खिडकीत राहिली, तेव्हा तिचा पापड झाला. ती अजून देवघराच्या मागे आहे. चोरीची सीडी घेणाऱ्यांचं मात्र छान चाले. त्यांच्या खेळाचं कुलूप कुणीतरी आधीच फोडलेलं असे. “म्हंजे पाय,” भाऊ म्हणत, “पैशे देनारा दारात उभा, अन् चोर माजघरात जेवून रायला.”

आणि मग एके दिवशी त्यांना पोलंडचा शोध लागला. तिथल्या सीडी प्रोजेक्ट या कंपनीनं 2008 मध्ये गॉग नावाचं दुकान काढलं: जुने, चांगले खेळ, आणि एकालाही कुलूप नाही. एकदा पैसे दिले की खेळाची फाइल तुमची. इंटरनेट नको, सीडी नको, परवानगी नको. या कंपनीचा पूर्वेतिहास भाऊ एखाद्या घराण्याच्या बखरीसारखा सांगतात. 1994 मध्ये दोन पोरांनी ती सुरू केली. बाजारात सगळा चोरीचा माल. 1999 मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा खेळ पोलिश भाषेत आणला आणि खोक्यात नकाशा, नियमांचं पुस्तक, गाण्यांची सीडी असं इतकं भरून दिलं, की लोकांनी चोरीचा माल सोडून खरा घेतला. “चोराले अडवलं नाही बाप्पा, गिऱ्हाइकाले मान देल्ला!” हे सांगताना भाऊंचा आवाज भरून येतो.

त्या दुकानात ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ दिसला, ‘व्हिक्टोरिया’ दिसला, ‘क्रुसेडर किंग्ज’ दिसला, तेव्हा भाऊंनी गल्लीत पेढे वाटले. गाडीत माना ते काटेपूर्णा फोनला रेंज नसली तरी आता राज्य चालणार होतं. सगळे खेळ त्यांनी उतरवले, दोन हार्डडिस्कवर आणि तीन पेनड्राइव्हवर भरले, प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवली, आणि साऱ्या पोतडीची रवानगी केली ती लोखंडी कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली जानव्याला.

“भाऊ, बिनकुलपाचा खेळ अन् कुलपात?”

“त्याइनं कुलूप काढलं, म्हंजे राखन आपल्यावर आली का नाही?”

ती राखण आम्ही भोगली. गल्लीतलं एक पोट्टं कॉपी मागायला गेलं. फाइलला अडवणारं काही नाही. पेनड्राइव्ह लावायचा, दोन मिनिटांत काम. भाऊंनी त्याला पाटावर बसवलं. पूर्वीच्या खेळांत चोर ओळखायला पुस्तिकेतल्या अमुक पानावरचा अमुक शब्द विचारत. भाऊंनी तोच रिवाज काढला. “सांग, इमादशाहीची राजधानी? बाळापूरची लढाई कोनत्या साली? नरनाळा कोन्या जिल्ह्यात?” पोट्ट्यानं बिचाऱ्यानं अचलपूर, 1720 आणि अकोला अशी तिन्ही उत्तरं बरोबर दिली. भाऊंनी त्याची पाठ थोपटली, गिला वडा दिला आणि म्हणाले, “शाबास. आता बापाकडून पैशे घे अन् विकत घे.”

पोलंडनं काढलेलं कुलूप वऱ्हाडात हाडामांसाचं होऊन बसलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात अकोल्याला मेव्हणीच्या मुलीचं लग्न निघालं. भाऊ आंघोळीला गेले ते जानवं बदलून आले, आणि जुन्या जानव्याबरोबर किल्लीही वडाळीच्या तलावात विसर्जित करून आले होते. कपाटात नुसते खेळ नव्हते. वहिनींचा शालू होता. आहेराची पाकिटं होती. तीन दिवस भाऊ स्क्रूड्रायव्हर, साबण आणि तेल घेऊन कपाटाशी वेढा देऊन बसले. मी म्हटलं, निदान खेळ तरी त्या दुकानातून पुन्हा उतरवा, खात्यावर असतात. ते म्हणाले, “गडावर दाना असताना खाली बाजारात जात नसतात.” घरचं स्थैर्य उणे 3 वर स्थिर झालं होतं.

वेळ घालवायला त्यांनी मला गाविलगडाची गोष्ट सांगितली. 29 नोव्हेंबर 1803 ला अडगावला लढाई झाली आणि 15 डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढून मेला. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेच्या तोफांनी बाहेरचा तट फोडला. आतल्या कोटाचं दार मात्र मजबूत होतं. मग एका तुकडीनं भिंतीला शिड्या लावल्या, आत उतरली आणि दार आतूनच उघडून दिलं. “दारानं दगा नाही देल्ला,” भाऊ कपाटाकडं पाहत म्हणाले.

चौथ्या दिवशी वहिनींनी परस्पर चावीवाल्याला बोलावलं. त्यानं पिशवीतून वाकडी तार काढली, कान कपाटाला लावला, आणि हातातली विडी संपायच्या आत दार करकरत उघडलं.

वहिनींनी शालू काढला, झटकला आणि नवऱ्याकडं पाहिलं. “अजी, परक्याले दोन मिनिटं लागले. अन् घरच्याले तीन दिवस.”

इमादभाऊंच्या तोंडावर पोलंडचा सगळा इतिहास येऊन गेला. मला वाटलं, आता कपाट कायमचं उघडं राहणार. त्या पोट्ट्याला हाक जाणार. भाऊंनी चावीवाल्याला पैसे दिले, बसवलं, चहा सांगितला आणि त्याच्या कानाशी लागून हळूच विचारलं,

“बाप्पा, तुले उघडता येनार नाही असं कुलूप आहे का तुह्याजवळ?”