सापशिडीचे पंच

गटारीची बैठक ठरली की खंबा कोण आणणार, चखण्याचं कोण बघणार आणि गच्चीची किल्ली कोणाकडे आहे, एवढं विचारून माणसं मोकळी होतात. पंच मात्र विचारतात, "फासा आहे ना रे कोणाकडे?"

प्रत्येक बैठकीला एक पंच मिळतोच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी ऑडिटमधली, ती नसेल तर निदान सोसायटीचं सेक्रेटरीपद. जमलेल्यांत दारूचा आजीवन परवाना फक्त त्यांच्याकडे असतो आणि तो पाकिटात कुलदैवताच्या फोटोमागे घडी घालून ठेवलेला असतो. नुसतं बसून पिणं त्यांना सोसत नाही. "हिशेब नाही, नियम नाही, ही काय पिण्याची पद्धत झाली?" असं म्हणून ते पिशवीतून सापशिडीचा पट काढतात. पाठीमागे लुडो असलेला, कोपरे कुरतडलेला, पोरांचाच.

खेळ मात्र त्यांनी विचार करून निवडलेला आहे. कॅरम पूर्वी करून झाला. दुसऱ्या पेगनंतर राणीऐवजी स्ट्रायकरच भोकात जायला लागला. बुद्धिबळात हरणारा पितो, प्यायल्यामुळे पुन्हा हरतो आणि लवकरच आडवा होतो. जिंकणारा बिचारा कोरडाच. व्यापारात नोटा वाटेपर्यंत बर्फ वितळतो. सापशिडीत डोकं लागतच नाही. चार पेग रिचवलेला आणि ताक पिणारा, दोघंही फाशापुढे सारखेच. राज्यघटनेला जे अजून पुरतं साधलं नाही ते या पटावर साधतं, असं पंचांचं मत आहे.

नियमावली लॅमिनेट केलेली असते, कारण आधीची प्रत सोड्यात भिजली होती. कलम एक : घोटाची व्याख्या. घोट म्हणजे 10 मिली, आणि तो मोजायचा खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने. असे तीन घोट म्हणजे एक लहान पेग. खंबा 750 मिलीचा, म्हणजे 75 घोट. पाच खेळाडूंत प्रत्येकी पंधरा. साप चावला की जितकी घरं खाली तितका दंड, दर दहा घरांना एक घोट, अपूर्णांक वरच्या अंकात. शिडी चढला तो स्वतः पीत नाही, दुसऱ्या कोणाला तरी पाजतो. (या कलमामुळे जुने सगळे हिशेब चुकते होतात. मेहुण्याला कोण का पाजतंय, हे पटाबाहेरचं कारण असतं.) फासा शेवेत पडला तर पुन्हा टाकायचा. शेंगदाण्याला टेकून तिरका राहिला तर पंचांचा निर्णय अंतिम.

न पिणाऱ्यांचंही कलम आहे. ज्याला गाडी चालवायची आहे तो कच्चं लिंबू. पुतण्या तेवीस वर्षांचा निघाला, तेव्हा पंचांनी खेळ थांबवला. कडक दारूला कायद्याने वय 25 लागतं, सौम्य बिअर आणि वाइनला 21. पुतण्याचं आधार कार्ड बघून त्याला बिअरचं वेगळं कोष्टक लावण्यात आलं. तोपर्यंत भजी गार झाली होती, पण कायदा पाळला गेला याचं समाधान एकट्या पंचांच्या चेहऱ्यावर होतं.

पहिला पेग संपला की पंच इतिहासात शिरतात. सापशिडी साहेबाची नव्हे, आपली. मूळ मोक्षपट, परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वर माउलींना देते. तेव्हा कवड्या टाकत. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटच्या घरात मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साहेबाने तो विलायतेला नेऊन तिथल्या पोरांसाठी छापला. पंचांचा गळा दाटून येतो, आणि सोंगटी हलवायचं राहून जातं.

"त्या दुर्गुणांत दारू होती का हो?" कोकम सरबत घेऊन बसलेल्या वहिनी विचारतात.

पंच प्रामाणिक आहेत. "जुन्या पटांवर मद्यपानाचाही साप असायचा," ते कबूल करतात.

"म्हणजे तेव्हा दारू प्यायली की साप चावायचा, आणि तुमच्यात साप चावला की दारू प्यायची."

गच्चीवर हशा पिकतो. पंच हसत नाहीत. ते कलमांच्या कोऱ्या जागेत काहीतरी टिपून घेतात.

त्यांच्या नियोजनातली खरी चूक गणितात आहे. नेहमीच्या पटावर एका सोंगटीला घरी पोचायला सरासरी चाळीसेक वेळा फासा टाकावा लागतो. पाच खेळाडू, मधली भांडणं, फासा शोधण्यात गेलेला वेळ. खंबा साठाच्या घरातच रिकामा होतो. 98 वरच्या सापाने कोणाला गिळायच्या आधीच खेळाडू पांगतात. एक जण कठड्याशी उभा राहून नाट्यगीत आळवतो, दुसरा 'टाइमप्लीज' म्हणून गेलेला परतच येत नाही, मेहुणा वहिनींना मटणाच्या वाटपात खोबरं किती घातलं ते विचारत बसतो. पंच एकटेच पाचही जणांच्या वतीने फासा टाकतात, प्रत्येकाची सोंगटी इमानदारीने हलवतात आणि ज्याला साप चावेल त्याच्या नावापुढे घोट मांडतात. स्वतःच्या नावापुढेही. त्यांचा दुसरा पेग अजून अर्धाच असतो; मोजणाऱ्याला प्यायला सवड कुठली?

दुसऱ्या दिवशी श्रावण सुरू. सगळे डोकं धरून साबुदाण्याच्या खिचडीपुढे बसलेले असताना ग्रुपवर पंचांचा संदेश येतो. सोबत पटाचा फोटो, सोंगट्या जागच्या जागी, आणि खाली तक्ता : मेहुणे 11 घोट थकबाकी, पुतण्या निरंक, स्वतः पंच 9. वसुली गणपती गेल्यावर. दरम्यान वहिनींच्या कालच्या उद्गारांबद्दल नवं कलम घालण्यात येत आहे : खेळ चालू असताना पंचांना इतिहास विचारल्यास दोन घोट, कोकम असलं तरी.