सर्वरकाका

ग्वाल्हेरला थाटीपूरकडे दर्पण कॉलनी आहे आणि दर्पण कॉलनीत सर्वरकाका आहेत. जन्म ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातला, त्यामुळे घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी आणि राउटरशी बोलताना दोन्ही. त्यांचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलंय. 'सर्वर डाऊन आहे, घाबरायचं नाही,' हे त्यांचं ब्रीदवाक्य. गॅसचं बुकिंग अडकलं की ते म्हणतातच, पण समोरच्या घरात सासूसुनेचं बोलणं बंद झालं तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

काका टेलिफोन खात्यातले. २००० साली धार जिल्ह्यात ज्ञानदूत योजना निघाली, गावोगावच्या सूचनालयांत मंडीचे भाव आणि जमिनीच्या खसऱ्याची नक्कल कॉम्प्युटरवर मिळायला लागली, तेव्हा काका तिथे टेलिफोनच्या तारांमागे धावत होते. पण ते सगळं पोटापाण्याचं. खरी कर्मभूमी आफ्रिका! २००४ मध्ये कलामसाहेबांनी पॅन-आफ्रिकन संसदेत कल्पना मांडली, की इथले मोठे दवाखाने आणि विद्यापीठं तिथल्या देशांशी जोडून द्यावीत. आधी इथिओपियात चाचणी झाली, मग फेब्रुवारी २००९ मध्ये प्रणव मुखर्जींनी दिल्लीहून पहिल्या टप्प्याचं उद्घाटन केलं. 'कल्पना त्यांची, जोडणी आमची,' असं काका अगदी साधेपणानं म्हणतात.

ही जोडणी ते कुणालाही, न विचारता, समजावून देतात. चहाची कपबशी म्हणजे दिल्ली. मोरेन्याच्या गजकेचा डबा म्हणजे सेनेगलमधलं डाकार. मधला टेबलक्लॉथ हा समुद्र, त्याखालून केबल. मग साखरेचं भांडं डोक्याच्या वर धरायचं, तो उपग्रह. डाकारहून सिग्नल वर जायचा आणि तिथून आफ्रिकेतल्या देशादेशांतल्या इस्पितळांत उतरायचा. उपग्रह हवेत असेपर्यंत पाहुण्याच्या चहात साखर पडत नाही. काकांची गाडी कुठूनही सुटो, डाकारला थांबतेच. कॉलनीतली हिंदी मंडळी एकमेकांकडे बघून म्हणतात, 'लो, काकाजी को फिर डकार आई.'

निवृत्तीनंतर त्यांनी सगळी कॉलनी साक्षर करायला घेतली. पहिला धडा कॉम्प्युटर बंद करण्याचा. ज्याला बंद करता येत नाही त्यानं सुरू करू नये, असं त्यांचं मत. दुसऱ्या धड्यापासून मात्र पंचाईत. 'हं, आता तू कर,' असं म्हणून काका विद्यार्थ्याच्या हाती माउस देतात आणि दोन सेकंदांत काढून घेतात. 'असं नाही रे! हे बघ, इथं, मग इथं, मग हे. झालं! आलं ना लक्षात?' विद्यार्थी मान डोलावतो. दुसऱ्या दिवशी तो तेच विचारायला येतो आणि काका काकूंना म्हणतात, 'लोकांना शिकायचंच नाहीये.' शिवाय साऱ्या कॉलनीचे पासवर्ड त्यांच्या एका डायरीत लिहिलेले आहेत. डायरीवर लाल शाईनं 'अति गोपनीय' असं लिहिलंय आणि ती फ्रिजवर असते.

नोव्हेंबर हा त्यांचा सीझन. पेन्शनरांचे हयातीचे दाखले! २०१४ पासून ते ऑनलाइन निघतात आणि तेव्हापासून काकांच्या व्हरांड्यात म्हाताऱ्यांची रांग लागते. जन्मभर भांडी घासून आणि पोळ्या लाटून बायकांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या, मशीनला त्या दिसत नाहीत. काका बोटं पुसतात, फुंकर मारतात, क्रीम चोळतात. एकदा एका आजींना ते गंभीरपणे म्हणाले, 'मावशी, तुम्ही जिवंत आहात असं सिद्ध होत नाहीये.' आजी म्हणाल्या, 'बरं, मग तेराव्याला जेवायला ये. आणि बायकोलाही आण.' आता चेहरा दाखवूनही काम होतं, पण काकांनी क्रीमची डबी काही उचललेली नाही.

आठवड्यातून एकदा ते घाटीगावकडच्या एका उपकेंद्रात जातात. थैलीत एक्स्टेन्शन बोर्ड, टेस्टर, चिकटपट्टी आणि रुमालात गुंडाळलेला माउस. तिथं ई-संजीवनीवर शहरातल्या डॉक्टरांशी पेशंटची गाठ घालून देतात. एरवी साध्या खोकल्यासाठी ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयात यायचं म्हणजे बसभाडं जातं आणि दिवसाची मजुरीही बुडते. इकडच्या सहरिया आदिवासींच्या वस्त्यांत क्षय फार, त्यामुळे खोकला साधा आहे की नाही हे लवकर कळणं महत्त्वाचं. हे सांगताना मात्र काका डाकारला जात नाहीत. थोडं हळूच बोलतात.

एकदा मीही सोबत गेलो होतो. एक म्हातारी कॅमेऱ्यासमोर बसली. पडद्यावर पुरुष डॉक्टर दिसताच तिनं घुंघट ओढला. डॉक्टर म्हणाले, जीभ दाखवा. म्हातारीनं घुंघट वर केला, पुढे वाकली आणि पडद्यावरच्या डॉक्टरांच्या नाकाला लागेल इतक्या जवळ जीभ नेली. कॅमेरा वरच्या कडेला, त्यामुळे डॉक्टरांना दिसला फक्त तिचा भांग. 'अम्मा, ऊपर!' म्हातारीनं छताला जीभ दाखवली. काकांचे हात शिवशिवत होते, माउसकडे जायला लागलेच होते, तेवढ्यात तिथली आरोग्य अधिकारी मुलगी म्हणाली, 'काकाजी, हाथ हटाओ.' आणि काकांनी निमूटपणे हटवले! दर्पण कॉलनीत हे कुणाला खरं वाटणार नाही. मुलीनं लॅपटॉपच खाली वाकवला, जीभ दिसली, म्हातारीचं बीपी मोजून सांगितलं, औषधाची चिठ्ठी आली. येताना काका रस्ताभर म्हणत होते, 'पोरगी तयार आहे. धार, डाकार, घाटीगाव, सगळीकडे मशीन पोचतं हो. बोंब असते अर्थिंगची आणि अशा पोरीची.'

काकूंची तक्रार वेगळी. 'आख्ख्या आफ्रिकेला डॉक्टर दाखवला, माझा गुडघा राहिलाय.' शेवटी त्यांनी पोळ्यावाल्या बाईंच्या मुलीला मदतीला घेतलं. मुलीनं माउसला हात लावला नाही, नुसतं सांगितलं. काकूंनी स्वतः टोकन घेतलं, वाट पाहिली, डॉक्टरांना गुडघा दाखवला, चिठ्ठी उतरवून घेतली. संध्याकाळी काका आले तेव्हा ती त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि किंचाळले, 'अगं, वय पाच वर्षं कमी टाकलंस! चुकीचा डेटा आहे हा!'

'असू दे,' काकू म्हणाल्या. 'डेटा माझा आहे.'